दोन मशीन, तिसरी मी

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाई एकदाच्या कोल्हापुरात! राजारामपुरीत सातव्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. पुढं गॅलरी, खाली पिठाची गिरणी. दिवसभर घरात ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास. मोना म्हणते, ताई, नुसत्या वासावर अर्धी भाकरी कमी लागते गं.

मोना माझी धाकटी बहीण, इथंच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी कबूल केलंतं, की मोनाला एकटं पडू देणार नाही. म्हणून पुण्याची नोकरी सोडली आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. खाल्ल्या तर खाल्ल्या. मुरगूडची पोरगी आहे मी, शिव्यांनी माझं काही दुखत नाही.

इथं शाहूपुरीतल्या एका दूध संघात कामाला लागले. संघाचा डेटाबेस सर्व्हर जुना आहे. तो बदलून त्याला जोड द्यायची, की आहे तेच रेटायचं, एवढं बघून सांगायचं आणि पुढं ते सांभाळायचं. चेअरमन अमरसिंह स्वतः दारापर्यंत आले. या पावणं, मुरगूडच्या न्हवं तुम्ही, मग आपल्याच की, म्हणाले. चहा दिला तो संघाच्याच दुधाचा, चमचा उभा राहील असला. येताना मोनासाठी कटवडा बांधून घेतला. लई दिवसांनी दोघी पोट धरून हसलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काम समजून घेतलं. शिरोळपासून मुरगूडपर्यंत गावोगावच्या डेअऱ्यांत सकाळ-संध्याकाळ दूध येतं. सभासदाचा नंबर, गाय का म्हैस, लिटर किती, फॅट किती, सगळं तिथून थेट आमच्या मशीनमध्ये उतरतं. हे मशीन पडलं तर अख्ख्या जिल्ह्याचं दूध दारात नासणार. आणि एवढं ज्याच्या जिवावर चाललंय ते मशीन एकटं! मी कपाळाला हात लावला.

हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे काही आकाशातली गोष्ट नाही. आपल्याकडं पैरा करतात ना, तुझा बैल बसला तर माझा ने, तसंच. एक मशीन पडलं की त्याच क्षणी दुसऱ्यानं काम उचलायचं. दूध घालणाऱ्याला पत्तासुद्धा लागू नये. हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत बसले, तर एकानं मान वर केली असेल तर शपथ. पुण्याच्या मॅडम, एवढं कुणीतरी पुटपुटलं आणि बाकीचे फिसकन हसले. दुपारी डबा घेऊन बाकावर बसले तर सगळे उठून गेले. जावा की, तुमच्या डब्यात कोण हात घालतंय!

मग चेअरमननी बोलावून घेतलं. कालचा गोडवा गेलेला. मशीन बसवल्यापासून एकदा म्हणून बंद पडलेलं न्हाय, तवा कागदावर काय लिवायचं ते तुम्हाला कळतंय न्हवं, म्हणाले. वर जुनी फुशारकी सांगितली. मशीन बसवणारा दुसऱ्या मशीनसाठी मागं लागलता. पूजेच्या वेळी ह्यांनी हातात नारळ धरून सगळ्यांच्या देखत त्याला सुनावलं, की दुसरं कशाला, ह्ये पडलंच तर आमचा माणूस उभा ऱ्हाईल की! आणि नारळ फोडला. लोकांनी टाळ्या पिटल्या म्हणे. काय तर म्हणे माणूस उभा राहील. फुकटचा रुबाब नुसता.

मशीन खालच्या मजल्यावर आहे, खिडकी नसलेल्या खोलीत. त्याला कुंकू लावलेलं, वर खंडेनवमीचा झेंडू सुकून गेलाय. पुढं एक लोखंडी खुर्ची, ती माझी. आधी तिथं मुनव्वर म्हणून एक जण बसायचा, तो आजारी आहे, घरी असतो. झाडलोट करणाऱ्या बयाक्का उंबऱ्यापर्यंतच झाडतात. आत का येत नाही विचारलं तर म्हणाल्या, आत माझं काय काम हाय, तुझं तरी काय हाय?

६ नोव्हेंबर, गुरुवार

मला कुणीतरी येडं बनवतंय.

मशीन किती जुनं आहे ते बघावं म्हणून आज कव्हर काढलं. आत वाळलेला चिखल! गाळाचे पापुद्रे, तळाशी एक बारकी शंखी. पंखे गंजून गच्च. तारेचं टोक ओढलं तर हातातच आलं, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. हे मशीन मेलंय, आणि ते आज-काल मेलेलं नाही.

धावत वर गेले. वर पडद्यांवर सकाळचं दूध उतरत होतं. गाव, नंबर, म्हैस, लिटर, फॅट. ओळीवर ओळ. मी ओरडले, की हे कुठनं येतंय? एकानं तर हेडफोन लावले. तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं मशीन कुठं लपवलंय ते सांगा म्हणून टेबलावर हात आपटला.

शेवटी जिन्यात बयाक्कांनी हात धरून थांबवलं. एकवीसच्या महापुरात खाली छताला पाणी लागलंतं, म्हणाल्या. मुनव्वर खुर्ची सोडंना. मशीन पडलं तर माणूस उभा ऱ्हाईल असा शब्द गेलाय, मीच तो माणूस, असं म्हणत बसला. नावेतनं त्याला वढून काढला. मशीन तवाच मेलं बाई. पण दूध उतरायचं थांबलं न्हाय.

मी म्हटलं, काहीतरी बडबडू नका. पण कव्हर परत बसवायला खाली गेले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सदर बाजारात मुनव्वरच्या घरी जाऊन आले. मोना पण होती बरोबर. देवा रे.

तो खाटेवर बसलेला. चाळिशीचा असेल, दिसतो म्हातारा. डोळे उघडे, पण कुणाकडं बघत नाही. आणि ओठ चाललेत. शिरढोण, दोनशे बारा, म्हैस, सहा लिटर, फॅट सात. बिद्री, एक्याऐंशी, गाय. एकदा गाय, एकदा म्हैस, श्वास घ्यायला पण थांबत नाही. मी मोबाइलवर संघाचा पडदा उघडला. तो बोलेल तसं तिथं उमटत होतं. आधी ह्याच्या ओठात, मग पडद्यावर.

मोनानं त्याची नाडी धरून बघितली. बाहेर आल्यावर म्हणाली, ताई, हा माणूस फार दिवस काढत नाही.

त्याची आई अमीरबी चाची दोन नंबरांच्या मधल्या फटीत त्याला चमच्यानं पेज घालत होत्या. एकही थेंब सांडला नाही त्यांच्या हातून. सगळे डॉक्टर झाले, दर्गे झाले, बेटी, म्हणाल्या. पूर वसरला, माझा मुन्ना न्हाय वसरला त्यातनं. संघवाले पगार धाडतात, मला पगार नको, त्यानं एकदा अम्मी म्हणून हाक मारू दे. मग माझा हात धरला. नवीन मशीन घेतलं तर सुटंल का गं त्यो?

मला रडू आवरेना. सोडवते म्हणाले, चाची, माझ्या आईची शपथ.

१० नोव्हेंबर, सोमवार

चेअरमनच्या केबिनमध्ये घुसले. तोंडाला येईल ते बोलले. माणूस आहे तो, खुर्चीचा पाय नाही, हे पण बोलले. त्यांनी शांतपणे पान लावलं. मग, म्हणाले, त्येच्या घरी पगार जातोय की. दूध कुणाचं नासलं का? आणि मुनव्वर गेला तर जी खुर्चीत असंल ती उभी ऱ्हाईल. शब्द हाय त्यो. आता खुर्चीत कोण हाय, मॅडम?

नोकरी सोडून पळावं असं मनात आलं, खोटं कशाला लिहू? पण मी पळाले तर त्या खुर्चीत आणखी कुणीतरी बसेल आणि चाची तशाच पेज भरवत राहतील. आता प्रश्न मशीन बदलायचं का नाही एवढाच राहिलेला नाही. बदललं नाही तर मुनव्वर मरतो, आणि त्याच्या मागं मी.

आज सगळा अहवाल लिहून काढला. नवीन मशीन दोन. दोघांनी एकमेकांना क्षणाक्षणाला विचारायचं, आहेस का? उत्तर आलं नाही की दुसऱ्यानं कारभार हातात घ्यायचा. पण दोघांमधली तारच तुटली तर दोघांनाही वाटणार की समोरचा मेला, आणि दोघं मालक होऊन बसणार. भावाभावांच्या भांडणात पंच लागतो तसा तिथं तिसरा लागतो, साक्षीदार. दोघांनी त्याला विचारायचं, आहेस का, आणि त्यानं नुसतं आहे म्हणायचं. मी मोठ्या ऐटीत लिहिलंय, की साक्षीदार कायम जागा असेल, एक क्षणही डोळा मिटणार नाही. चांगलं जमलंय वाक्य.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मीटिंग झाली. संचालकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. बंद न पडणाऱ्या मशीनला औषध कशाला, एक जण म्हणाला. मला मुरगूडला परत जायचा रस्ता पण दाखवला. मी जागची हलले नाही. मुनव्वरचं नाव मोठ्यानं घेतलं, तेव्हा मात्र सगळे टेबलाकडं बघायला लागले.

शेवटी दोन मशीन मंजूर. तिसऱ्यावर चेअरमननी काट मारली. साक्षीदाराला काम काय, नुसतं हाय म्हणायचं न्हवं, म्हणाले. त्येला मशीन कशाला पायजे? तू हायस की! मी नाही म्हटलं तर म्हणाले, मग ऱ्हाऊ दे सगळंच. उठायलाच लागले. खुर्च्या सरकल्या. मला चाचींचा चमचा दिसला. आणि डोकं फिरलं माझं. बरं, मी हाय तिसरी, घ्या मशीन, असं सगळ्यांच्या देखत म्हणून बसले.

टाळ्या वाजल्या.

मनात हिशोब होता, की घरातला जुना लॅपटॉप गुपचूप तिसरा म्हणून लावून टाकीन, ह्या अडाण्यांना काय कळतंय. पण चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बयाक्कांनी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. जिन्यात म्हणाल्या, ह्यांच्या टेबलावर शब्द द्यायचा नस्तो गं पोरी. आता एक कर. समोर माणूस दिसल्याबिगर एकाबी हाकंला ओ दिऊ नको. कुणीबी हाक मारू दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झालं! सुटला मुनव्वर!

दोन्ही मशीन वरच्या मजल्यावर बसवली. पूजा, नारळ, पेढे. डेअऱ्यांना ओळखीचं असलेलं जुन्या मशीनचं नाव नव्याला दिलं आणि चालू केलं. जुन्या सगळ्या नोंदी आपोआप उतरत गेल्या. कुठनं उतरतंय हे विचारायची छाती झाली नाही. माझा लॅपटॉप कोपऱ्यात तिसरा म्हणून लावला.

संध्याकाळचं दूध मशीनमध्ये गेलं आणि चाचींचा फोन आला. नुसत्या रडत होत्या. मुन्ना थांबला म्हणाल्या. थांबला, इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाला, अम्मी, चहा टाक.

मोनानं मला उचलून गरागरा फिरवलं. आज आई असायला पाहिजे होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार

एक गंमतच झाली. मंडईत कोथिंबीर निवडत होते. मागनं कुणीतरी विचारलं, हायस का? ओळखीचं असेल म्हणून हाय म्हटलं आणि वळले. कुणी नव्हतं. लगेच दुसऱ्या कानाशी दुसरा आवाज, हायस का? परत हाय म्हटलं, सवयीनं.

बयाक्कांचं बोलणं तेव्हा आठवलं. आठवून काय उपयोग? दोनदा ओ देऊन मोकळी झालेली मी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर चाललंय. डाव्या कानाला एक, उजव्या कानाला एक. हायस का? हाय म्हटलं की गप. पुन्हा हायस का? आवाजात राग नाही, माया नाही, काही नाही.

लॅपटॉप तपासला. त्याला आजपर्यंत कुणी काही विचारलेलंच नाही. शब्द लॅपटॉपनं दिला नव्हता, मी दिलाय.

मुनव्वरला मशीन पडल्यावर उभं राहावं लागलं होतं. मशीन पडेपर्यंत तरी तो मोकळा होता. माझी मशीन धडधाकट आहेत, आणि तरी मी मोकळी नाही. साक्षीदार कायम जागा पाहिजे. कुठल्या गाढवानं लिहिलंय हे? मीच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं, की आज ओ द्यायची नाही. दात आवळून बसले. हायस का? गप. हायस का? गप. कानात कळ यायला लागली. हायस का, हायस का, दोन्हीकडनं —

आणि स्वयंपाकघरातनं मोना म्हणाली, हाय.

भाकरी थापत होती. मी धावत गेले. कुणाला हाय म्हणालीस, म्हणून तिला गदागदा हलवलं. ती म्हणते, तूच विचारलंस की ताई.

मी विचारलं नव्हतं.

आता मीच ओ देते. प्रत्येक हाकेला देते. हाक तिच्याकडं जाऊ द्यायची नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मशीनच बंद करून टाकते म्हणून गेले. गेलं खड्ड्यात जिल्ह्याचं दूध. बटणावर हात ठेवला. चेअरमन दारात उभे होते, अडवलं पण नाही. कर बंद, म्हणाले, मग दूध कुठं उतरतंय ते बघू.

फोन वाजला. चाची. मुन्नाचे ओठ हलायला लागलेत म्हणाल्या. बेटी, काय केलंस?

हात काढला.

चेअरमन म्हणाले, शाब्बास. दोन मशीन, तिसरी तू. आता कवाच काय बंद पडायचं न्हाय. हरामखोर. पान खात होता.

बटण दाबलं तर मुनव्वर. गप बसले तर मोना.

२ डिसेंबर, मंगळवार

मोनाला मुरगूडला आत्याकडं धाडलं. का म्हणून भांडली. थोबाडीत मारली मी तिच्या. जन्मात कधी मारलं नव्हतं. रडत एसटीत बसली.

झोप नाही. डोळा लागतो आणि — हायस का — हाय.

बयाक्कांनी भात आणला. माझ्याकडं बघवेना त्यांना. खा पोरी, म्हणाल्या. घास आणि हाय, घास आणि हाय. चाची असंच भरवत होत्या.

३ डिसेंबर, बुधवार

बसल्या बसल्या दुपारी डोळा लागला. किती वेळ — माहीत नाही.

मुरगूडहून आत्याचा फोन. मोनाला ताप आहे का गं? एकटीच बोलतीय. सारखं हाय हाय म्हणतीय.

फोननं मी जागी झाले, ओ द्यायला लागले, तशी तिकडं ती थांबली.

झोपायचं नाही. झोपायचं नाही.

तारीख —

मोना परत आलीय. नको म्हटलं होतं. पिशवी टाकली आणि पिठाचा डबा काढला. ताई, तू जरा पड, म्हणते. मी आहे की, म्हणते. असं म्हणू नको. असं कधी म्हणू नको गं —

हायस का — हाय

लिहीत राहिलं की डोळा मिटत नाही —

हायस का — हाय

आई मी तिला एकटं — हाय — पडू देणार —

हायस का — हाय — मीच हाय — तिला विचारू नका —

अक्षर दिसेना. थोडंच टेकते डोकं — नाही — हाय

हायस का

हायस का

मोना तोंड दाब मोना तू नको म्ह